सिटी हॉलमध्ये श्रीफळ

आमच्या महाराष्ट्र मंडळाला कुणाचा तरी सत्कार केल्याशिवाय राहवत नाही. गणपती असो, कोजागिरी असो, नाहीतर उन्हाळ्यातली साधी पिकनिक असो, सुमंतकाका पुढे येणार, कुणाच्या तरी खांद्यावर शाल टाकणार, हातात नारळ देणार आणि फोटो निघेपर्यंत तसेच हसत थांबणार. एकदा हॉलचा एसी दुरुस्त करायला आलेल्या माणसाचाही सत्कार झाला होता. तो बिचारा शिडीवर होता. काका खाली शाल उलगडून उभे, आणि तो वरून "सर, प्लीज, वायर चालू आहे" म्हणून ओरडत होता. मंडळाची सचिव म्हणून आभार मात्र मला मानावे लागले.

मी चैत्राली. डॅलसजवळ, अर्विंगला लागून, पेकन ब्रुक नावाचं छोटं शहर आहे, तिथे राहते. सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. म्हणजे दिवसभर पगार घेऊन दुसऱ्यांच्या चुका शोधते आणि संध्याकाळी घरी येऊन तेच काम फुकट करते, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे. माझं डोकं लवकर तापतं हे मला मान्य आहे. पण समोरची माणसं तशी वागतात त्याला मी काय करू?

आता भेंडीचं घ्या. आमच्या इंडियन ग्रोसरीत भेंडीच्या टोपलीवर चक्क पाटी आहे, टोकं मोडू नयेत. मग घ्यायची कशी, नजरेने? या पाटीवरून दुकानदाराशी भांडून मी घरी निघाले होते, तेव्हा लायब्ररीमागच्या मोकळ्या जागेत मला शनिवारचा बाजार दिसला. आसपासच्या ब्लॅक शेतकऱ्यांची एक सहकारी संस्था तो भरवते. पहिल्याच टेबलावर भेंडी होती, कोवळी, बोटभर, अंगावर लव असलेली. मी सवयीने एकीचं टोक मोडलं आणि दचकून हात मागे घेतला. टेबलामागे गवती टोपी घातलेल्या सत्तरीच्या बाई बसल्या होत्या. म्हणाल्या, "मोड की. मोडल्याशिवाय कळणार कसं?" आणि त्यांनी स्वतःच एक भेंडी उचलून कट्कन मोडून दाखवली. मला इतका आनंद झाला, की मी पाच पौंड भेंडी घेऊन घरी आले. पुढचा आठवडाभर घरात भेंडीच होती.

त्या मिस व्हर्नेल टॅटम. तिथे सगळे त्यांना मिस व्हर्नेलच म्हणतात, आपण काकू म्हणतो तसंच. त्यांची शेती इथून दीड तासावर, पूर्वेकडे. त्यांच्या आजोबांनी घेतलेली जमीन आहे. भेंडी, जांभळ्या सालीची चवळी, रताळी, टरबुजं. दहा-अकराला बाजार ओसरला की त्याच जागेत झाडाखाली संस्थेची शाळा भरते. नव्याने शेती करू बघणारी ब्लॅक कुटुंबं येतात. बियाणं कसं राखायचं, ठिबक कसं लावायचं हे शिकवतातच, पण त्याहून जास्त वेळ बाकीच्या गोष्टींवर जातो. वडिलोपार्जित जमिनीवर सगळ्या वारसांची नावं कशी लावायची, सरकारी योजनेसाठी अर्ज नाकारला तर दाद कुठे मागायची. या लोकांच्या जमिनी गेल्या त्या काही पिकत नव्हत्या म्हणून नाही. कुठे कर्जासाठी दारात उभं केलं नाही, कुठे मृत्युपत्र नव्हतं म्हणून जमीन लिलावात निघाली. मिस व्हर्नेल हे सगळं चवळी सोलता सोलता सांगतात. मी आधी चवळीसाठी थांबायचे, मग ऐकण्यासाठी थांबायला लागले, आणि शेवटी संस्थेचा व्हॉट्सॲप ग्रुप सांभाळायला लागले. 'या शनिवारी कोवळी भेंडी' असा मेसेज टाकला की डॅलसभरातले मराठी लोक गाड्या काढायचे. मंडळाची अर्धी मेंबरशिप त्या बाजारावर जेवत होती असं म्हटलं तरी चालेल.

आणि अशात शहराच्या पार्क बोर्डाच्या मनात आलं, की त्या जागेवर पिकलबॉलची कोर्टं करायची.

पिकलबॉल म्हणजे टेनिस खेळायला दमणाऱ्यांचा टेनिस. सध्या सगळ्या अमेरिकेला त्याचं वेड लागलंय. माझ्या मते त्यासाठी माणसाने भेंडीच्या बाजाराला हात लावू नये. पण बोर्डाशी संस्थेचा काही पक्का करार नव्हता, तात्पुरती परवानगी होती. बाजाराची परवानगी पुढे चालू ठेवायची का, यावर मंगळवारी संध्याकाळी जाहीर सुनावणी आणि लगेच मतदान, अशी नोटीस लागली.

"बाजार गेला तर पुढच्या वर्षी मी पेरणार नाही," मिस व्हर्नेल म्हणाल्या. "घाऊकवाल्यांना माझा माल थोडा पडतो. हा एक शनिवार आहे म्हणून ती जमीन जमीन आहे. नाहीतर मुलं विकून टाकतील, आणि त्यांचं चुकतंय असं मला म्हणता येणार नाही."

मला रडायलाच आलं. त्या मात्र चवळी सोलत होत्या.

संस्थेची माणसं काही हातावर हात ठेवून बसली नव्हती. क्विन्सी नावाचा तरुण शेतकरी, गोदामातली नोकरी सोडून याच शाळेत शेती शिकलेला, महिनाभर बोर्डाच्या पाचही मेंबरांना भेटत होता. दोघं बाजाराच्या बाजूने होते, दोघं कोर्टांच्या. अध्यक्षबाई, मिसेस हॉलब्रुक, कुंपणावर बसल्या होत्या. पण आता इकडे झुकताहेत असं क्विन्सीला वाटत होतं.

"गिऱ्हाईकं बोलली तर त्यांना मत द्यायला सोपं जाईल," तो मला म्हणाला. "प्रत्येकी दोन मिनिटं. तुमच्यातले कुणी येतील?"

मी ग्रुपवर विचारलं. तीन अंगठे आले. मी क्विन्सीला सांगितलं, आठ-दहा धर.

रविवारी मिस व्हर्नेलनी आमच्यासाठी खास वर्ग घेतला. नियम सोपे होते. नाव सांगा, कुठे राहता सांगा, काय हवंय सांगा, खाली बसा. मराठी माणसाला यातलं शेवटचं जमत नाही. आसावरीमावशींनी सुरुवात केली ती नागपूरच्या त्यांच्या परसातल्या भेंडीपासून, आणि दोन मिनिटं संपली तेव्हा त्यांचं अजून लग्नही झालं नव्हतं. सुमंतकाका तर "आदरणीय व्यासपीठ, मंचावरील मान्यवर" यांचंच इंग्रजी करत बसले. मिस व्हर्नेलनी घड्याळ दाखवलं.

"काका, नमस्कारच कॅन्सल करा ना," मी म्हणाले.

"अगं, असं कसं? फॉर्मल ऑकेजन आहे. थोडा डेकोरम नको का?"

तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

मंगळवारी सिटी हॉलला पोचले तर पार्किंग भरलेलं. तीन अंगठ्यांचे साठ-पासष्ट लोक झाले होते. आमच्याकडे हे असंच. येतो म्हणणार नाहीत, पण येतील, आणि येताना पाहुणेही आणतील. पैठण्या काय, नेहरू जॅकेटं काय, एका ताईंच्या हातात तर बटाटेवड्यांचा ट्रे. दारावरच्या शिपायाने ट्रे अडवला, तेव्हा त्यालाच दोन वडे देऊन आणि ट्रे त्याच्यापाशीच ठेवून त्या आत आल्या. संस्थेची माणसं हिरवे टी-शर्ट घालून आधीच येऊन शांत बसली होती. पिकलबॉलवाले चौघं-पाचजण रॅकेट घेऊन कोपऱ्यात होते. आमची गर्दी बघून त्यांनी रॅकेट मांडीखाली सरकवली. मिस व्हर्नेल तिसऱ्या रांगेत होत्या, निळा ड्रेस, चर्चला घालतात तशी हॅट. मागे वळून त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "आठ-दहा?"

मला हसू आवरेना. अख्ख्या हॉलमध्ये लग्नघर उतरलं होतं.

क्विन्सी बोलला. काय सुंदर बोलला! किती कुटुंबं शिकली, त्यातली किती आज स्वतः पिकवताहेत, आणि दुसरी जागा शोधताना कुठे कुठे नकार आला, सगळं मोजकं. अध्यक्षबाई मान हलवत होत्या. आता फक्त आम्ही दोन-दोन मिनिटं भेंडीची स्तुती करायची होती. क्लार्कने नाव पुकारलं, "मिस्टर सुमंत."

काका माइककडे गेलेच नाहीत. ते सरळ बोर्डाच्या टेबलाकडे निघाले. हातात पिशवी. त्यांच्या घरी सोलापुरी शालींची एक पेटीच आहे, ती मला माहीत आहे.

"काका!" मी दबक्या आवाजात ओरडले.

काका पोचले होते. मिसेस हॉलब्रुकना काही कळायच्या आत त्यांच्या खांद्यावर जांभळी शाल होती, हातात शेंडीवाला नारळ होता, आणि आमचे साठ-पासष्ट लोक सवयीने टाळ्या वाजवत होते. बाई अगदी मनापासून हसल्या. शालीवरून हात फिरवून "ओ, हाऊ लव्हली" म्हणाल्या. काका फोटोसाठी वळून थांबले.

तेवढ्यात शहराचे वकील ताडकन उठले. त्यांची खुर्चीच मागे पडली.

ते जे म्हणाले त्याचा मथितार्थ असा. अध्यक्षांनी मतदानाच्या आधी, एका बाजूच्या माणसाकडून, सगळ्यांसमोर भेटवस्तू स्वीकारली आहे. ती देणाऱ्याने आत्ता, इथेच परत घेतली पाहिजे आणि तशी नोंद झाली पाहिजे. नाहीतर अध्यक्षांना मत देता येणार नाही.

अध्यक्षबाईंचं मत गेलं तर दोनास दोन. बरोबरीत परवानगीचा ठराव पडतो. क्विन्सीने डोकं हातांत धरलं. महिनाभराचं त्याचं काम आम्ही एका नारळाने फोडलं होतं. मिस व्हर्नेलच्या चेहऱ्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

अध्यक्षबाईंनी घाईघाईने शाल काढली, तिच्यावर नारळ ठेवला आणि काकांसमोर धरला. काकांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"सर, तुम्हाला हे घ्यावं लागेल," वकील म्हणाले.

"आय कॅनॉट," काका म्हणाले. घाम फुटला होता त्यांना. "दिलेली शाल परत घेत नाहीत. इट इज अ ग्रेट इन्सल्ट टू मॅडम."

"माझा अपमान होणार नाही," अध्यक्षबाई कळवळून म्हणाल्या.

"मॅडम, माझा होईल."

बाई शाल पुढे करताहेत, काका मागे सरकताहेत, वकील दोघांच्या मध्ये हात पसरून उभे. अशी त्यांची एक फेरी टेबलाभोवती झाली. पिकलबॉलवाल्यांपैकी एकजण हसून हसून रॅकेटवर डोकं आपटत होता. मलाही हसू येत होतं आणि त्याच वेळी काकांचा गळा दाबावासाही वाटत होता. शेवटी मी पुढे गेले.

"मी या मंडळाची सेक्रेटरी," मी वकिलांना म्हणाले. "शाल मंडळाची आहे. मी परत घेते. लिहून घ्या."

आणि बाईंच्या हातातून शाल आणि नारळ घेऊन मी काकांच्या छातीवर ठेवले. आता ते पकडण्यावाचून त्यांना इलाज नव्हता.

"अगं, चैत्राली, परत घेतात का कुठे!"

"घेतात काका. आत्ताच घेतली. तुमची दोन मिनिटं चालूच आहेत, प्लीज काहीतरी बोला आणि बसा यार."

क्लार्कने नोंद केली, वकिलांनी खुर्ची उचलली. काका माइकसमोर शाल कवटाळून उभे. त्यांना शब्द सुचेना, हे मी आयुष्यात प्रथमच बघत होते. माइकच्या शेजारचा, वेळ दाखवणारा हिरवा दिवा पिवळा झाला. काकांनी हॉलभर नजर फिरवली, कुणीतरी दिसावं तशी ती तिसऱ्या रांगेवर थांबली, आणि ते माइक सोडून चालायला लागले. वकील पुन्हा उठले.

काका मिस व्हर्नेलसमोर जाऊन उभे राहिले. "मॅडम," ते म्हणाले, "ही तुमचीच होती. मी चुकीच्या टेबलावर गेलो."

त्यांनी शाल उलगडली, झटकली आणि मिस व्हर्नेलच्या खांद्यांवर नीट, दोन्ही बाजू सारख्या करून घातली. नारळ हातात दिला. वाकून नमस्कार केला. त्या वेळी फोटोकडे त्यांचं लक्षही नव्हतं. वकिलांनी क्षणभर विचार केला. या बाई बोर्डावर नाहीत, मत देणार नाहीत. ते खाली बसले.

आता आमच्यात सत्कार म्हटला की सत्कारमूर्तींचा परिचय आलाच. तो काकांजवळ लिहिलेला नव्हता. म्हणून त्यांनी मिस व्हर्नेलना हाताला धरून माइकपाशी आणलं आणि सगळ्यांसमोर त्यांनाच विचारायला सुरुवात केली.

"मॅडम, तुम्ही शेती कधीपासून करता?"

"चालता यायला लागल्यापासून."

"शिकवलं कुणी?"

"वडिलांनी."

"ते कधी या हॉलमध्ये आले होते?"

काकांनी हे असंच, पुढचं काही सुचेना म्हणून विचारलं होतं. मिस व्हर्नेलनी दाराकडे पाहिलं. दिवा लाल झाला. क्लार्कने घंटीकडे हात नेला.

"वेळ संपला," वकील म्हणाले.

"माझी दोन मिनिटं त्यांना द्या," मागून आवाज आला. आसावरीमावशी उभ्या होत्या. नागपूरच्या परसापासून सगळं भाषण पाठ करून आलेल्या आसावरीमावशी!

"माझीही," मंडळातली नीना म्हणाली.

"माझीपण घ्या." "टेक माइन." "आमच्या दोघांची." एकेक करून सगळं मंडळ उठलं. हातात आलेला माइक मराठी माणसाने आपणहून सोडला, आणि एकाने नाही, साठ-पासष्ट जणांनी. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. मीही माझी दोन मिनिटं देऊन टाकली. पाठोपाठ हिरवे टी-शर्टही उठले. क्लार्क नावं लिहिता लिहिता थकली.

"घड्याळ बंद करा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

मिस व्हर्नेलनी नारळ डाव्या कुशीत घेतला.

"आले होते," त्या म्हणाल्या. "शहराच्या बाजारात टेबल मिळावं म्हणून. मी लहान होते, बरोबर होते. बाहेरच्या व्हरांड्यात बाक आहे ना, तिथे आम्हाला बसवलं. कुणीतरी येऊन कागद घेऊन गेलं. संध्याकाळी दिवे बंद करायला माणूस आला, तेव्हा आम्ही घरी गेलो. पुढच्या वर्षी ते पुन्हा आले. त्याच्या पुढच्या वर्षीही. आत कुणी बोलावलं नाही. मला टरबुजं विकता येतात, चांगली विकता येतात. वडिलांची माझ्यापेक्षा गोड असायची. ती ते रस्त्याच्या कडेला उभं राहून विकायचे." त्यांनी हिरव्या टी-शर्टांकडे पाहिलं. "या मुलांना मी शनिवारी शिकवते, की आत जा, नाव सांगा, काय हवंय ते सांगा. मला ती जागा हवी आहे. माझं एवढंच आहे."

आणि त्या नियमाप्रमाणे खाली बसल्या.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग मतदान झालं. एक हो. एक नाही. एक नाही. एक हो. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हो," त्या म्हणाल्या. "आणि तात्पुरतं नको. पाच वर्षांचा करार करा."

मग जो काही कल्लोळ झाला तो मला नीट सांगता येणार नाही. क्विन्सीने काकांना कमरेत धरून उचललं. आसावरीमावशी पिकलबॉलवाल्यांच्या गळ्यात पडल्या, ते कुठल्या बाजूचे आहेत हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. शिपाई ट्रे घेऊन स्वतःच आत आला. वकील "ऑर्डर, ऑर्डर" म्हणत होते आणि त्यांच्या हातात वडा होता. मतदान झालं होतं, आता वड्याला हरकत नव्हती. मी इतकी नाचले, की माझी एक चप्पल बोर्डाच्या टेबलाखाली गेली.

या सगळ्यात क्लार्क बिचारी हात वर करून काहीतरी विचारत होती. अध्यक्षबाईंनी हातोडा आपटला तेव्हा कुठे ऐकू आलं. करारात बाजाराचं नाव घालावं लागतं, ती म्हणाली. आत्तापर्यंत नुसतं 'लायब्ररीमागची मोकळी जागा' एवढंच लिहिलेलं आहे. काय लिहू?

सगळ्यांनी मिस व्हर्नेलकडे पाहिलं. त्यांनी क्विन्सीकडे पाहिलं, त्याने हाताने 'तुम्हीच सांगा' अशी खूण केली. त्या उठल्या. शाल घसरत होती, ती सावरली. माइकची त्यांना गरज पडली नाही.

"एझ्रा टॅटम," त्या म्हणाल्या. "माझ्या वडिलांचं नाव आहे."

क्लार्क लिहायला लागली. हॉलमधले लोक, आमचे, त्यांचे, रॅकेटवालेसुद्धा, उभेच होते. मिस व्हर्नेलनी एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. क्लार्कने एकदाच विचारलं होतं. त्यांनी दोनदा सांगितलं.